आधी अक्षता की आधी अर्ज? लग्न आणि बँकरप्सीबद्दल वाचकांचे प्रश्न

अमेरिकेतल्या वाचकांकडून आलेले या वेळचे सगळे प्रश्न लग्न आणि बँकरप्सी या जोडीभोवतीच फिरतात. उत्तरांआधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: अर्ज दाखल होतो त्या दिवशी तुम्ही अविवाहित आहात की विवाहित, एकत्र राहता की वेगळे, यावर अर्जातले निम्मे आकडे ठरतात. डॉलरच्या ज्या मर्यादा दिल्या आहेत त्या १ एप्रिल २०२५ पासून लागू असलेल्या आहेत.

प्रश्न: माझ्यावर क्रेडिट कार्डांचं ४६,००० डॉलर कर्ज आहे. पगार महिन्याला ४,२०० डॉलर, म्हणजे आमच्या राज्यातल्या एकट्या माणसाच्या मध्यम उत्पन्नापेक्षा कमी. चार महिन्यांनी लग्न आहे. होणाऱ्या बायकोचा पगार ७,८०० डॉलर, तिच्यावर कार्डांचं कर्ज फारसं नाही. चॅप्टर ७ लग्नाआधी करू की नंतर?

उत्तर: तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून, आधी. कारण समजून घ्या, म्हणजे वकिलाशी बोलताना गोंधळ होणार नाही.

चॅप्टर ७ म्हणजे सवलतीबाहेरची मालमत्ता देऊन कर्ज माफ करून घ्यायची बँकरप्सी. त्यासाठी मीन्स टेस्ट, म्हणजे उत्पन्नाची चाचणी, द्यावी लागते. त्यात अर्जाच्या महिन्याआधीच्या सहा पूर्ण महिन्यांचं एकूण उत्पन्न घेऊन त्याची मासिक सरासरी काढतात. अर्ज सप्टेंबरमध्ये केला तर मार्च ते ऑगस्ट मोजले जातात. या सरासरीला १२ ने गुणून तो आकडा तुमच्या राज्यातल्या तितक्याच माणसांच्या कुटुंबाच्या मध्यम उत्पन्नाशी ताडून पाहतात. आज तुमचे होतात ५०,४०० डॉलर, कुटुंब एका माणसाचं. मध्यम आकड्याच्या खाली असाल तर चाचणी तिथेच संपते.

लग्न होऊन तुम्ही एका घरात राहू लागलात आणि अर्ज तुम्ही एकट्याने केलात, तरी फॉर्म १२२ए-१ मध्ये दोन स्तंभ भरावे लागतात: ‘अ’ तुमचा, ‘ब’ जोडीदाराचा. ‘ब’ मध्येही मागचे तेच सहा महिने येतात, त्यातले काही लग्नाआधीचे असले तरी. तुमचं मिळून होईल १२,००० डॉलर महिना, म्हणजे वर्षाला १,४४,०००. कुटुंब दोघांचं झाल्यामुळे तुलनेचा मध्यम आकडा वाढतो, पण इतका नाही. लग्नाचा फायदा उलट दिशेने होतो तो जोडीदार कमावत नसेल तेव्हा: उत्पन्न तेवढंच राहतं आणि तुलनेचा आकडा मात्र वर जातो. एच-४ व्हिसावर काम न करणाऱ्या जोडीदारांच्या बाबतीत हे नेहमी दिसतं.

मध्यम आकडा ओलांडला म्हणजे दार बंद झालं असं नाही. पुढचा फॉर्म १२२ए-२ भरायचा. त्याच्या सुरुवातीलाच एक वजावट आहे, तिला ‘मॅरिटल अ‍ॅडजस्टमेंट’ म्हणतात. जोडीदाराच्या उत्पन्नातला जो भाग तुमच्यावर किंवा तुमच्या अवलंबितांवर नियमित खर्च होत नाही, तो इथे वजा होतो. समजा, ती स्वतःच्या शिक्षणकर्जाचे १,१०० डॉलर, लग्नाआधीच्या स्वतःच्या कार्डाचे ४०० आणि आईवडिलांना ६०० डॉलर दर महिन्याला देते. हे २,१०० वजा झाले की १२,००० चे ९,९०० उरले. त्यातून कर, घरभाडं, गाडी, आरोग्य विमा आणि आयआरएसने ठरवून दिलेले प्रमाणित खर्च वजा होतात. जे उरेल त्याला ६० ने गुणा. उत्तर १०,२७५ डॉलरपेक्षा कमी आलं तर चाचणी पार. १७,१५० किंवा जास्त आलं तर चॅप्टर ७ चा गैरवापर होतोय असं गृहीत धरतात. मध्ये कुठे आलं तर त्या रकमेतून तुमच्या बिनतारण कर्जाचा निदान २५ टक्के भाग फिटतो का, हे पाहतात.

ही वजावट कागदावर सिद्ध करावी लागते, आणि लोक अडकतात ते इथेच. लग्नानंतर सगळे पगार एकाच खात्यात जायला लागले की तिचा कोणता पैसा कुठे गेला हे दाखवणं अवघड होतं. लग्नानंतर अर्ज करायचीच वेळ आली, तर निदान सहा महिने खाती वेगळी ठेवा आणि घरखर्चासाठी तिने दिलेली रक्कम दर महिन्याला ठरावीक तारखेला ट्रान्सफर होऊ द्या.

लग्नाआधी अर्ज केलात तरी लग्न लपवायचं नाही. अर्जासोबतच्या शेड्यूल ‘आय’च्या, म्हणजे उत्पन्नाच्या तक्त्याच्या, १३ व्या ओळीत विचारतात की येत्या वर्षभरात उत्पन्नात वाढ किंवा घट अपेक्षित आहे का. तिथे ठरलेलं लग्न स्पष्ट लिहा. तुम्ही आत्ताच एकत्र राहत असाल, तर तिच्याकडून घरखर्चाला नियमित मिळणारी रक्कम त्याच शेड्यूलच्या ११ व्या ओळीत येते आणि मीन्स टेस्टच्या उत्पन्नातही धरली जाते. तुम्ही मध्यम आकड्याच्या खाली असलात तरी घरात दरमहा बरीच शिल्लक पडते असं दिसलं, तर यू. एस. ट्रस्टी (बँकरप्सी प्रकरणांवर देखरेख करणारा सरकारी अधिकारी) आक्षेप घेऊ शकतो. म्हणून लग्नाच्या आदल्या आठवड्यात धावत जाऊन अर्ज करू नका. चार महिने हातात आहेत, ते पुरतात. अर्जाआधीच्या १८० दिवसांत क्रेडिट काउन्सेलिंगचा छोटा कोर्स झालेला हवा, मागच्या ६० दिवसांच्या पगाराच्या पावत्या हव्यात, शेवटचं टॅक्स रिटर्न ट्रस्टीच्या (तुमचं प्रकरण हाताळायला नेमलेल्या व्यक्तीच्या) बैठकीच्या निदान सात दिवस आधी पोचायला हवं. बैठक अर्जानंतर २१ ते ४० दिवसांत होते. तिच्या पहिल्या तारखेपासून ६० दिवस आक्षेपांसाठी असतात आणि दुसरा, पैशाच्या नियोजनाचा कोर्स पूर्ण केलेला असेल तर त्यानंतर डिस्चार्ज, म्हणजे कर्जमाफीचा आदेश, मिळतो. कोर्टाची फी ३३८ डॉलर. ती चार हप्त्यांपर्यंत भरता येते.

तुमचं निम्म्याहून अधिक कर्ज धंद्याचं असतं तर मीन्स टेस्ट लागूच झाली नसती. कार्डं दुकानासाठी किंवा धंद्यासाठी वापरली असतील, तर ही गोष्ट वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा.

प्रश्न: व्हिसाच्या कागदांसाठी आम्ही मार्चमध्ये कोर्टात लग्न नोंदवलं. विधी डिसेंबरमध्ये पुण्यात होणार आहेत. नवरा अजून भारतातच आहे. फॉर्मवर मी अविवाहित लिहू का? घरच्यांच्या लेखी तर अजून लग्न झालेलंच नाही.

उत्तर: नाही. मार्चमध्ये कायद्याने लग्न झालं आहे, तेव्हा ‘विवाहित’ हेच लिहायचं. या फॉर्मखाली तुम्ही खोटं बोलल्यास शिक्षा होईल अशा प्रतिज्ञेवर सही करता, आणि लग्नाची नोंद सहज सापडते.

पण तुमच्यासाठी चांगली बातमी त्याच फॉर्मवर आहे. विवाहित पण स्वतंत्र राहणाऱ्यांसाठी तिथे वेगळी चौकट आहे. ती निवडली की फक्त तुमचा स्तंभ भरायचा, नवऱ्याचा पगार येत नाही. अट अशी की वेगळं राहण्याचं कारण मीन्स टेस्ट चुकवणं हे नसावं. व्हिसाची वाट पाहत नवरा भारतात आहे, हे अगदी सरळ कारण आहे. त्याच्या अर्जाच्या पावत्या आणि तिथल्या पत्त्याचा पुरावा जवळ ठेवा. तो तुम्हाला दर महिन्याला पैसे पाठवत असेल, तर ते तुमच्या स्तंभात उत्पन्न म्हणून येतात.

अमेरिकेचं नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड नसलं तरी इथे राहणाऱ्या माणसाला बँकरप्सीचा अर्ज करता येतो. आणि केवळ तो अर्ज केला म्हणून खासगी कंपनीला कर्मचाऱ्याला काढून टाकायला कायद्याने मनाई आहे. तुमच्या पत्रात ही भीती ओळींच्या मधे दिसली, म्हणून लिहिलं.

प्रश्न: आम्ही कॅलिफोर्नियात राहतो. नवऱ्याचं ६०,००० डॉलर कर्ज लग्नाआधीचं आहे, माझ्यावर काहीच नाही. तो एकटा चॅप्टर ७ करणार म्हणतोय. माझ्या पगाराला, माझ्या सोन्याला हात लागेल का? आईने दिलेल्या पाटल्या, सासूबाईंनी घातलेल्या बांगड्या, मंगळसूत्र, सगळं लॉकरमध्ये आहे.

उत्तर: तुमचं राज्य इथे निर्णायक आहे. अ‍ॅरिझोना, कॅलिफोर्निया, आयडाहो, लुइझियाना, नेव्हाडा, न्यू मेक्सिको, टेक्सस, वॉशिंग्टन आणि विस्कॉन्सिन या नऊ राज्यांत लग्नानंतरची कमाई सर्वसाधारणपणे दोघांची सामाईक मालमत्ता समजली जाते. बाकी बहुतेक राज्यांत ज्याच्या नावावर ते त्याचं. तिथे एकट्याने अर्ज केला की जोडीदाराची स्वतःची मालमत्ता बाहेर राहते.

कॅलिफोर्नियात नवऱ्याने एकट्याने अर्ज केला तरी सामाईक मालमत्ता जवळपास सगळी बँकरप्सीच्या ताब्यात जाते. लग्नानंतरच्या तुमच्या पगारातून साठलेली रक्कमही त्यात येते, खातं फक्त तुमच्या नावावर असलं तरी. बऱ्याच जणींना हे बैठकीच्या दिवशी कळतं, आणि तोवर उशीर झालेला असतो. ‘लग्नाआधीच्या कर्जासाठी पत्नीच्या वेगळ्या खात्यातल्या पगाराला हात लावता येत नाही’ असा कॅलिफोर्नियाचा नियम आहे आणि तो खरा आहे: त्या खात्यातून नवऱ्याला पैसे काढता येत नसतील आणि त्यात दुसरा सामाईक पैसा मिसळला नसेल तर. पण तो नियम वसुलीला येणाऱ्या सावकाराविरुद्ध आहे. बँकरप्सीत तेवढ्यावर विसंबून राहू नका.

वाचवायचं ते राज्याच्या सवलतींखाली, म्हणजे स्वतःकडे ठेवता येणाऱ्या मालमत्तेच्या मर्यादांखाली, वाचवायचं. कॅलिफोर्नियात फेडरल सवलतींची यादी वापरता येत नाही. राज्याच्या दोन याद्या आहेत, त्यातली एकच निवडायची. घरात मोठी रक्कम अडकलेली असेल तर पहिली, नसेल तर सहसा ७०३ क्रमांकाची, कारण तिच्यात कुठल्याही वस्तूला लावता येणारी मोकळी सवलत आहे. नवरा एकटा अर्ज करतो आणि ७०३ ची यादी घेतो, तर तुम्हालाही दुसऱ्या यादीवरचा हक्क सोडल्याचं लेखी द्यावं लागतं. हा कागद राहून गेला तर आक्षेप येतो.

आता सोनं. आईने तुम्हाला दिलेल्या पाटल्या, लग्नाआधी दिलेल्या असोत वा नंतर भेट म्हणून, तुमची स्वतंत्र मालमत्ता आहे. सासूबाईंनी बांगड्या तुम्हालाच भेट दिल्या असतील तर त्याही. लग्नानंतर नवऱ्याने दागिना दिला असेल तर मूल्य महत्त्वाचं ठरतं: कुटुंबाच्या परिस्थितीच्या मानाने फार मोठा नसेल तर तो तुमचा, फार मोठा असेल तर तो सामाईक धरला जाऊ शकतो. लग्नानंतरच्या पगारातून दोघांनी घेतलेली नाणी आणि वळी सामाईकच. म्हणून अर्जाआधी लॉकरमधल्या प्रत्येक नगाचा फोटो, वजन, कॅरट, कोणी आणि केव्हा दिला याची यादी करा आणि सराफाकडून लेखी मूल्यांकन घ्या. किंमत लिहायची ती आज विकल्यावर हातात येईल ती. घडणावळीसकट नवीन घ्यायला लागेल ती नव्हे. ही यादी हातात नसली की सामाईक लॉकरमधलं सगळं सोनं एका रकमेत धरलं जातं आणि मग एकेक दागिना सोडवत बसावं लागतं.

लॉकर भारतात असला तरी फरक पडत नाही. मालमत्ता जगात कुठेही असो आणि कोणाच्याही ताब्यात असो, ती दाखवावी लागते. पुण्यातल्या फ्लॅटमधला नवऱ्याचा हिस्सा, पीपीएफ, एलआयसीची पॉलिसी, वडिलोपार्जित जमिनीतला वाटा, सगळं शेड्यूल ‘ए/बी’मध्ये लिहायचं. ‘तिकडचं कोणाला कळतंय’ असा सल्ला नातेवाईक प्रेमाने देतात. तो ऐकू नका. लपवाछपवीने डिस्चार्ज नाकारला जातो, आणि तो फेडरल गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत तुरुंगवासाचा.

या राज्यांत एक मोठा फायदाही आहे. नवऱ्याला डिस्चार्ज मिळाला की पुढे जमणाऱ्या सामाईक मालमत्तेवर, तुमच्या पुढच्या पगारासकट, त्याचे जुने सावकार येऊ शकत नाहीत. हे संरक्षण संसार चालू आहे तोवरच. घटस्फोट झाला तर नवऱ्याची स्वतःची माफी कायम राहते, पण सामाईक मालमत्तेवरचं हे कवच उरत नाही.

प्रश्न: लग्नाचा हॉल, केटरिंग, दागिने, विमानाची तिकिटं, सगळं कार्डावर गेलं. साधारण १८,००० डॉलर. पुढच्या महिन्यात अर्ज करावा म्हणतो.

उत्तर: थांबा. अर्जाआधीच्या ९० दिवसांत एकाच सावकाराकडून चैनीच्या वस्तू किंवा सेवांवर मिळून ९०० डॉलरपेक्षा जास्त उधारी केली, तर ती फसवणुकीने केली असं कायदा गृहीत धरतो आणि कार्ड कंपनीला ते कर्ज माफीतून वगळून मागता येतं. कार्डावरून रोख उचललेले पैसे असतील तर मर्यादा १,२५० डॉलर आणि ७० दिवस. लग्नातला प्रत्येक खर्च चैनीचा ठरेलच असं नाही, पण दागिने आणि मधुचंद्राची तिकिटं नक्की नजरेत येतात. तारखा उलटल्या म्हणजे सगळं निर्धोक झालं असंही नाही: ‘फेडायचा इरादाच नव्हता’ हे कंपनीने सिद्ध केलं तर जुना खर्चही वगळला जातो. फरक इतकाच की मग सिद्ध करायची जबाबदारी तिची असते. कार्ड आजपासून वापरू नका, आणि जमत असेल तर काही हप्ते भरा.

आहेराचे पैसे अर्जाच्या दिवशी खात्यात शिल्लक असतील तर ती मालमत्ता आहे, दाखवा. त्यातून भावाचे किंवा मेव्हण्याचे उसने परत करायचा मोह होतो. तो आवरा. अर्जाआधीच्या एक वर्षात नात्यातल्या माणसाला फेडलेली रक्कम वेगळी लिहावी लागते आणि ट्रस्टी ती त्याच्याकडून परत मागू शकतो. लग्न झाल्यापासून सासरची मंडळीही या नियमात नातेवाईकच. मागच्या दोन वर्षांत कोणा एकाला मिळून ६०० डॉलरपेक्षा जास्त भेट दिली असेल, तर तीही लिहायची असते.

प्रश्न: दोघांवरही कर्ज आहे, काही एकेकट्याचं, काही एकत्र. आम्ही न्यू जर्सीत राहतो. अर्ज एक करावा की दोन?

उत्तर: एकच, बहुधा. संयुक्त अर्ज फक्त कायदेशीर नवरा-बायकोलाच करता येतो. फी एकच, ३३८ डॉलर. सवलती मात्र दोघांना वेगवेगळ्या मिळतात. न्यू जर्सीत फेडरल यादी निवडता येते: घरातल्या हिश्शासाठी प्रत्येकी ३१,५७५ डॉलर, म्हणजे घर दोघांच्या नावावर असेल तर ६३,१५०. गाडीला प्रत्येकी ५,०२५, दागिन्यांना प्रत्येकी २,१२५. कशालाही लावता येणारे १,६७५ आणि घराच्या सवलतीतले न वापरलेले १५,८०० पर्यंत, तेही प्रत्येकी. वस्तूत दोघांचा मालकी हक्क असेल तरच दुप्पट होतं. गाडी एकाच्याच नावावर असेल तर सवलत एकदाच. आणि एकाने फेडरल, दुसऱ्याने राज्याची यादी, असं संयुक्त अर्जात चालत नाही.

लग्नानंतर तुमच्यापैकी कोणी दुसऱ्या राज्यातून आलं असेल तर आधी ७३० दिवस मोजा. तितके दिवस नव्या राज्यात झाले नसतील तर जुन्या राज्याचे नियम लागू शकतात.

एकट्याने अर्ज केव्हा करावा? कर्ज मुख्यतः एकाच्याच नावावर असेल तेव्हा. दुसऱ्याची पाटी कोरी राहते, आणि पुढची आठ वर्षं चॅप्टर ७ चा मार्ग दोघांनाही एकदम बंद होत नाही. फ्लोरिडा, पेनसिल्व्हेनिया, मेरीलँड, व्हर्जिनिया अशा राज्यांत तर नवरा-बायकोच्या अखंड मालकीचं घर एकट्याच्या सावकारांपासून वाचतं. तुमच्याकडे एकत्र कर्जही आहे. एकानेच अर्ज केला तर त्या कर्जाची पूर्ण वसुली दुसऱ्याच्या दारात येईल.

एकाने अर्ज केल्यावर त्यात दुसऱ्याचं नाव नंतर घालता येत नाही.

प्रश्न: मुलीचं लग्न ठरलंय. होणाऱ्या जावयांनी दोन वर्षांपूर्वी चॅप्टर ७ केलं होतं, त्यांनी स्वतःहून सांगितलं. मुलीचं क्रेडिट बिघडेल का?

उत्तर: नाही. लग्नाने दोघांचे क्रेडिट रिपोर्ट एक होत नाहीत. त्यांच्या रिपोर्टवर ती नोंद अर्जापासून दहा वर्षं राहील, मुलीच्या रिपोर्टवर येणार नाही. जावयांनी आपणहून सांगितलं, हे फार चांगलं केलं.

परिणाम जाणवेल तो एकत्र गृहकर्ज घेताना. एफएचए (सरकारी विमा असलेल्या) कर्जासाठी चॅप्टर ७ च्या डिस्चार्जनंतर साधारणपणे दोन वर्षं थांबावं लागतं, नेहमीच्या कर्जासाठी चार. तोवर मुलीला एकटीच्या नावावर कर्ज मागता येईल. जावयांना मात्र एक प्रश्न जरूर विचारा: काय माफ झालं नाही? शिक्षणकर्ज, अलीकडचा आयकर, आधीच्या लग्नातल्या मुलांचा खर्च हे सहसा शिल्लक राहतात. तसं काही असेल आणि दोघांनी संयुक्त रिटर्न भरलं तर परतावा जप्त होऊ शकतो. मुलीचा हिस्सा परत मिळवायला फॉर्म ८३७९ आहे, तो रिटर्नसोबतच जोडता येतो.

प्रश्न: माझं चॅप्टर १३ (ठरलेल्या प्लॅनप्रमाणे हप्त्यांनी कर्ज फेडायची बँकरप्सी) चालू आहे, पाचपैकी दुसरं वर्ष. दुसरं लग्न करतेय. त्यांना आठ वर्षांचा मुलगा आहे. प्लॅन मोडेल का?

उत्तर: मोडणार नाही, आणि लग्नासाठी कोर्टाची परवानगी लागत नाही. ट्रस्टीला वकिलामार्फत कळवा आणि ‘आय’ (उत्पन्नाचं) व ‘जे’ (खर्चाचं) शेड्यूल नव्याने भरा. त्यांचा पगार तुमच्या सावकारांचा होत नाही, पण घरभाड्याचा अर्धा भार ते उचलणार असतील तर तुमच्याकडे जास्त उरतं, आणि ट्रस्टी हप्ता वाढवून मागू शकतो. त्याच वेळी मुलाचा विमा, शाळेनंतरची देखभाल, मोठं घर असे खर्चही येतात. ते पावत्यांसह दाखवले तर हप्ता तोच राहतो, काही वेळा कमीही होतो. आकडे लग्नानंतरच्या दोन-तीन महिन्यांचे खरे द्या, अंदाजाचे नकोत. प्लॅन ६० महिन्यांपलीकडे वाढवता येत नाही. घर किंवा गाडीसाठी नवं कर्ज तुमच्या नावावर घ्यायचं असेल तर आधी मंजुरी घ्या.

प्रश्न: लग्नानंतर नाव बदललंय, मधलं नाव आणि आडनाव दोन्ही. अर्ज कोणत्या नावाने?

उत्तर: आजच्या कायदेशीर नावाने, आणि मागच्या आठ वर्षांत वापरलेली सगळी नावं अर्जाच्या सुरुवातीलाच लिहायची. माहेरचं नाव, वडिलांचं नाव मधे असलेलं रूप, आडनाव जोडून लिहिलेलं रूप, कार्डावर चुकीच्या स्पेलिंगने आलेलं रूपसुद्धा. ट्रस्टीच्या बैठकीत फोटो ओळखपत्र आणि सोशल सिक्युरिटी क्रमांकाचा पुरावा तपासतात. एकावर नवं नाव आणि दुसऱ्यावर जुनं असलं की बैठक पुढे ढकलली जाऊ शकते. म्हणून आधी सोशल सिक्युरिटी कार्ड बदलून घ्या, मग लायसन्स, आणि लग्नाच्या दाखल्याची प्रत वकिलाकडे देऊन ठेवा.